निनियाचे स्टॅन्ली डेल

ग्रीनलंडच्या खालोखाल जगातील सर्वात मोठे बेट म्हणजे न्यू गिनी. त्याच्या पूर्व भागात पापुआ न्यू गिनी हा स्वतंत्र देश आहे, तर पश्चिम भाग इंडोनेशियात मोडतो. या पश्चिम भागाच्या मधोमध डोंगरांची मोठी रांग गेली आहे, आणि तिच्या पोटात, हेलुक नदीच्या खोऱ्यात, निनिया हे यली जमातीचे गाव आहे. या गावाचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते मुख्यतः एका हट्टी ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यामुळे. त्यांचे नाव स्टॅन्ली डेल. आपल्या शब्बाथशाळांतून त्यांच्या मरणाची गोष्ट कधीकधी सांगितली जाते. पण ते मरण ज्या गावासाठी आले, त्या गावाची हकीकत सहसा सांगायची राहून जाते.

डेल यांचा जन्म १९१६ साली न्यू साउथ वेल्समध्ये झाला. लहानपणी ते अंगाने किडकिडीत होते, आणि त्या दुबळेपणावर मात करायची या जिद्दीनेच त्यांनी शरीर व मन कणखर केले. दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात होते. न्यू गिनीचे डोंगर त्यांनी प्रथम पाहिले ते शिपाई म्हणून. युद्ध संपल्यावर ते त्याच बेटावर मिशनरी होऊन परतले. माणूस स्पष्टवक्ता होता, कामसू होता, पण तडजोड ठाऊक नव्हती. त्यामुळे सहकाऱ्यांशी खटके उडत, व एका संस्थेतून दुसरीत असे त्यांचे झाले. शेवटी ते पत्नी पॅट हिच्यासह 'रीजन्स बियॉन्ड मिशनरी युनियन' या संस्थेत दाखल झाले. ही संस्था आपल्याकडेही अनोळखी नाही. बिहारात नेपाळच्या सीमेवर रक्सौल येथे असलेले डंकन हॉस्पिटल याच संस्थेने १९३० साली सुरू केले.

१९६१ साली डेल आणि त्यांचे अविवाहित सहकारी ब्रूनो डी लीव हे दोघे हमालांसह कित्येक दिवस डोंगर चढत-उतरत हेलुक खोऱ्यात पोहोचले. तेव्हा तेथे डच लोकांचे राज्य होते, पण यली लोकांना त्याची खबर नव्हती. त्यांचे जग म्हणजे आपले खोरे, पलीकडचे शत्रूचे खोरे, आणि वरचे धुके. उभ्या उतारावर रताळ्यांचे मळे. उतार इतका की शेत नांगरण्याची कल्पनाही करवत नाही. पुरुष झाडे तोडून व कुंपण घालून मोकळे होत, आणि त्यापुढची लावणी, निंदणी, काढणी टोकदार काठीने बायका करीत. रताळी जाळीच्या पिशवीत भरून, पिशवीचा पट्टा कपाळावर अडकवून, पाठीवर ओझे घेऊन त्या डोंगर उतरत, आणि त्याच पिशव्यांतून तान्ही मुले व डुकरांची पिल्लेही नेत. (पापुआच्या या पिशवीला 'नोकेन' म्हणतात. २०१२ साली युनेस्कोने तिची आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली.) पुरुष कमरेभोवती वेताची अनेक कडी गुंडाळीत. कुऱ्हाडी दगडाच्या होत्या. डुक्कर म्हणजे धन. लग्न, तह, नुकसानभरपाई, सारे डुकरांत मोजले जाई.

या जीवनावर भीतीचे एक दाट सावट होते. यलींच्या समजुतीप्रमाणे 'केंबू' नावाच्या आत्म्यांच्या हाती पीक, युद्ध, आजार, सर्व काही होते. त्यांची पूजा फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांनी करावयाची. पवित्र जागेत स्त्रीचे किंवा लहान मुलाचे चुकून पाऊल पडले तरी शिक्षा मरणाची. जे हात सगळ्या गावाला जेवू घालीत होते, त्या हातांना देवघराच्या जवळपासही जाता येत नसे. सोवळ्या-ओवळ्याच्या देशात वाढलेल्या आपल्याला यात फार नवल वाटू नये.

डेल यांनी प्रथम हाती घेतली ती धावपट्टी. यंत्र एकही नाही. फावडी, पहारी, आणि मजुरीला आलेले यली पुरुष. लोखंडाच्या कुऱ्हाडीसाठी माणसे आनंदाने महिनोन्महिने दगड फोडीत राहिली. डोंगराच्या पाठीवर तयार झालेली ती पट्टी सपाट नव्हती. विमानाने चढावर उतरायचे आणि उतारावरून धावत दरीवर झेप घ्यायची, असा प्रकार. पट्टी झाली, तशी पॅट व मुले आली, औषधे आली. डेल भाषा शिकले, आणि मार्काचे शुभवर्तमान यली भाषेत आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. डी लीव स्वभावाने मऊ होते, लोक त्यांच्याजवळ बसत. डेल यांच्याजवळ लोक उभे राहत, असे म्हटले तर अन्याय होणार नाही.

काही वर्षांनी निनियाच्या आसपासच्या काही जणांनी प्रभूवर विश्वास ठेवला आणि केंबूच्या पवित्र वस्तू जाळून टाकल्या. डेल यांना हा विजयाचा दिवस वाटला. पण खालच्या अंगाच्या गावांनी यात सर्वनाश पाहिला, कारण आत्मे चिडले तर पीक कोणाचे बुडणार? सगळ्यांचेच. आजही या प्रसंगाविषयी दोन मते आहेत. माझ्या मते जाळण्याचा निर्णय यलींनी स्वतः घेतला असेल तर तो त्यांचा हक्क होता. परंतु शेजारच्या खोऱ्यांची भीती समजून घ्यायला जो धीर लागतो, तो डेल यांच्यापाशी कमी होता. डॉन रिचर्डसन यांनी १९७७ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. ते त्याच संस्थेचे मिशनरी, तरीही त्यांनी डेल यांचा कडकपणा लपविलेला नाही.

त्या भीतीची किंमत प्रथम कोणी दिली? येकवारा आणि बेंगवोक या दोन यली तरुणांनी. १९६६ साली ते हेलुकच्या खालच्या भागात सुवार्ता सांगावयास गेले आणि तेथे मारले गेले. मुलांना ही गोष्ट सांगताना त्यांची नावे आधी यावीत, एवढे मला शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सुचवावेसे वाटते. ते परके नव्हते. आपल्याच लोकांकडे, आपल्याच भाषेत, मरणाची शक्यता पुरती ओळखून ते गेले होते.

ही बातमी येताच डेल पोलीस बरोबर घेऊन तिकडे निघाले. वाटेत त्यांच्यावर हल्ला झाला आणि पाच बाण त्यांच्या शरीरात घुसले. सोबत्यांच्या मदतीने ते निनियाला परत पोहोचले. तेथून विमानाने त्यांना इस्पितळात नेले आणि ते वाचले. दुसऱ्या कोणी मायदेशाची वाट धरली असती. डेल बरे होऊन पुन्हा निनियाला आले.

निनियाच्या पूर्वेस सेंग नदीचे खोरे आहे, व त्यापलीकडे किम्याल जमातीचे कोरुपुन. तेथे फिलिप मास्टर्स हे अमेरिकन मिशनरी काम करीत. मधल्या खोऱ्यांत नवी केंद्रे व धावपट्ट्या कोठे होऊ शकतील हे पाहण्यासाठी दोघे कोरुपुनहून निनियाकडे पायी निघाले. सेंगच्या लोकांना या गोऱ्या माणसाची कीर्ती ठाऊक होती. ज्याच्या गावात पवित्र वस्तू जळतात, आणि बाण मारूनही जो मरत नाही, तो हाच. २५ सप्टेंबर १९६८ रोजी नदीकाठी मोठ्या जमावाने दोघांना बाणांनी ठार केले. सोबतचे हमाल निसटले. डेल ५२ वर्षांचे होते.

पुढे जे घडले ते मनुष्याच्या योजनेत नव्हते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला मिशनचे एक छोटे विमान खराब हवेत वाट चुकले आणि नेमके सेंगच्या खोऱ्यात कोसळले. त्यात एक मिशनरी कुटुंब होते. वैमानिक, आईबाप व तीन मुले जागीच गेली. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जळत्या विमानातून बाहेर पडला आणि खाली गावाकडे आला. कुसाहो नावाच्या एका यली गृहस्थाने त्याला आपल्या झोपडीत घेतले, जेवू घातले व सांभाळले. डेल व मास्टर्स यांना मारण्याच्या वेळी हाच मनुष्य त्या विरुद्ध होता. मुलगा जिवंत सापडला, शोधास आलेल्यांनी सूड उगविला नाही, उलट आभार मानले. त्यानंतर सेंगच्या लोकांनी मिशनऱ्यांना आपणहून वाट दिली. बाण, पोलीस आणि पाच जखमा यांनी जे झाले नव्हते, ते एका शत्रूच्या घरी मिळालेल्या रताळ्यांनी झाले.

डेल यांच्या मागे त्या डोंगरांत ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या. स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसून उपासना करू लागले. त्या बायकांच्या दृष्टीने हा केवढा पालट असेल! मास्टर्स यांच्या कोरुपुनला किम्याल भाषेतील नवा करार मार्च २०१० मध्ये विमानाने पोहोचला, तेव्हा लोक त्याच्यासमोर नाचले आणि रडलेही.

तरी डोंगर तोच आहे. जून १९७६ मध्ये या भागात मोठा भूकंप झाला. दरडी कोसळून गावेच्या गावे गाडली गेली, हजारो माणसे मेली वा बेपत्ता झाली. २००२ साली यली, हुबला, किम्याल आणि मोमुना या चार जमातींच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'याहुकिमो' हा नवा जिल्हा झाला, आणि निनिया त्यात आले. जिल्ह्याचे ठाणे देकाई हे खाली सखल प्रदेशात आहे. शिकलेला तरुण खाली उतरतो, आणि गावात मळा, म्हातारी माणसे व विमानाची वाट उरते. २००५ च्या अखेरीस याच जिल्ह्यात रताळ्यांचे पीक बुडाले व उपासमारीने ५५ माणसे दगावल्याची बातमी आली. त्या वेळी डोंगरात धान्य पोहोचविण्याचा मार्ग एकच होता. मिशनऱ्यांनी व गावकऱ्यांनी पहारीने खणलेल्या अशाच तिरप्या धावपट्ट्यांवर छोटी विमाने तांदूळ घेऊन उतरली.