ज्योतिष्यांचे एकेकाळचे गिऱ्हाईक : संत ऑगस्टिन

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर ज्योतिषी दिसू लागतात. कोणत्या पुढाऱ्याच्या पत्रिकेत राजयोग आहे, कोणाला साडेसाती आहे, सरकार किती महिने टिकेल, हे सारे ते ठामपणे सांगतात. उमेदवारी अर्ज मुहूर्त पाहून भरले जातात, शपथविधीची वेळ पंचांग पाहून ठरते. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कार्यक्रमांच्या वेळा एका ज्योतिषीबाईंच्या सल्ल्याने ठरत होत्या, हे १९८८ साली त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याच्या पुस्तकातून बाहेर आले. आणि आपण ख्रिस्ती म्हणून यापासून दूर आहोत असे तरी कुठे? रविवारी मिस्साहून घरी आल्यावर चहाबरोबर आधी राशिभविष्याचा रकाना उघडणारी घरे आमच्या माहितीत आहेत. त्यात आमचेही घर होते, हे कबूल केलेले बरे.

म्हणून या वेळी संत ऑगस्टिन यांचे चरित्र. संत मोनिकांचे अश्रू आणि मुलाचे परिवर्तन ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या तरुणपणाच्या चुका म्हटल्या की वाईट संगत आणि मौजमजा आठवते. पण हे संत कित्येक वर्षे ज्योतिष्यांचे गिऱ्हाईक होते, पत्रिका मांडण्याची पुस्तके स्वतः अभ्यासत होते, ही गोष्ट प्रवचनांत फारशी येत नाही.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. आज ते ठिकाण अल्जीरिया देशात आहे. वडील पात्रिसियस बेताच्या ऐपतीचे जमीनदार. मुलगा हुशार, म्हणून ओढाताण करून त्याला कार्थेज शहरात शिकायला ठेवले. तिथे ऑगस्टिन एका स्त्रीबरोबर राहू लागले, त्यांना अदेओदातुस नावाचा मुलगा झाला, आणि मानी पंथाच्या नादाला लागून नऊ वर्षे गेली. पुढे ते वक्तृत्वकला शिकवून पोट भरू लागले.

याच काळात त्यांनी एका काव्यस्पर्धेत भाग घेतला. एका मांत्रिकाने निरोप पाठवला, की काय देता ते बोला, प्राण्यांचे बळी देऊन तुम्हाला जिंकून देतो. ऑगस्टिननी त्याला साफ झिडकारले. ज्योतिष्यांकडे मात्र ते बिनदिक्कत जात राहिले, कारण ते बळी देत नसत की भुताखेतांना आळवत नसत. त्या काळी ज्योतिष्यांना गणिती म्हणत. आकडे, कोन, अंश असले की माणसाला ते शास्त्र वाटते. आज पत्रिका संगणकावर छापून मिळाली की आपल्याला वाटते, अगदी तसेच.

त्या स्पर्धेत विजयाचा मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला तो विंदिसियानुस या वृद्ध अधिकाऱ्याने. हे गृहस्थ नामांकित वैद्य होते. तरुणपणी त्यांनी ज्योतिषावर पोट भरायचे म्हणून ते शिकून घेतले होते. पण ते खोटे आहे असे कळल्यावर लोकांना फसवून जगणे नको म्हणून सोडून दिले. ऑगस्टिन त्या पुस्तकांत रमले आहेत हे समजताच त्यांनी बापाच्या मायेने ती फेकून द्यायला सांगितले. मग इतकी भाकिते खरी कशी ठरतात, असे ऑगस्टिननी विचारले. योगायोगाने, असे म्हाताऱ्याचे उत्तर होते. ते काही शिष्याला पटले नाही.

का पटले नाही, याचे कारण ऑगस्टिननी पुढे आपल्या आत्मकथनात दिले आहे. ज्योतिषी त्यांना सोयीची गोष्ट सांगत होते. तुझ्या हातून पाप घडले ते शुक्रामुळे, शनीमुळे, मंगळामुळे. म्हणजे दोष आपला नाही, आकाशाचा. आणि शेवटी ते आकाश निर्माण करणाऱ्या परमेश्वराचा.

भाकिताच्या नादाने राज्यकारभारात काय होते, हे त्या पिढीने पाहिले होते. ३७१ च्या सुमारास अंत्युखिया शहरात काही लोकांनी गुपचूप बसून पुढचा सम्राट कोण, असे विचारले. ग्रहांचा नव्हे, पण भविष्य पाहण्याचाच तो प्रकार. कडेला अक्षरे कोरलेल्या तबकडीवर दोऱ्याने अंगठी टांगली. ती एकेका अक्षराकडे झुकली आणि ‘थेओद’ एवढे जुळले. हा थेओदोरस नावाचा दरबारी अधिकारीच, असे सर्वांनी ठरवून टाकले. सम्राट व्हालेन्सच्या कानावर हे गेले. थेओदोरसचा शिरच्छेद झाला, इतर अनेकांना ठार मारले गेले, आणि भीतीपोटी लोकांनी आपापल्या घरची पुस्तके जाळून टाकली. पुढे ३७८ मध्ये व्हालेन्स लढाईत पडला आणि ३७९ मध्ये थेओदोसियस सम्राट झाला. लोक म्हणू लागले, भाकीत खरे झाले! अर्धवट भाकितात नंतर कोणतेही नाव बसवता येते. मारली गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

३८४ साली ऑगस्टिन मिलानला वक्तृत्वाचे सरकारी अध्यापक झाले. दरबार तिथेच होता. सम्राटाची स्तुती करणारे भाषण लिहिणे हे त्यांच्या कामातच आले. त्यात बहुतेक खोटे असणार, आणि खोटे आहे हे ठाऊक असलेले लोकच टाळ्या वाजवणार, हे त्यांना कळत होते. अशा एका भाषणाच्या चिंतेत असताना रस्त्यात एक भिकारी पिऊन हसत-खिदळत असलेला दिसला. आपल्यापेक्षा हा सुखी, असे त्यांना वाटून गेले.

तिथेच फिर्मिनुस नावाचा मित्र आपल्या बढतीबद्दल ग्रह काय म्हणतात ते विचारायला आला. ऑगस्टिन तोवर डळमळले होते, पण त्यांनी ऐकून घेतले. बोलता बोलता फिर्मिनुसने वडिलांची एक हकिकत सांगितली. वडील ज्योतिषवेडे, घरच्या जनावरांच्या पिल्लांच्याही जन्मवेळा टिपून ठेवत. फिर्मिनुसच्या वेळी आई गरोदर असतानाच वडिलांच्या मित्राकडची एक गुलाम स्त्रीही गरोदर होती. दोन्ही घरांतून मूल जन्मल्याबरोबर निरोप्ये धावत सुटले आणि बरोबर अर्ध्या वाटेत एकमेकांना भेटले. वेळ तीच, पत्रिकाही तीच. फिर्मिनुस धनवान झाला, मानसन्मानाला पोहोचला. तो दुसरा मुलगा मात्र गुलामच राहिला.

ऑगस्टिनच्या मनातली गाठ इथे सुटली. ती एकच पत्रिका पाहून दोघांचे खरे भविष्य सांगायचे तर एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळे सांगावे लागेल. म्हणजे खरे उत्तर पत्रिकेत नाही. एसाव आणि याकोब या जुळ्यांचा विचारही त्यांनी याच वेळी केला.

सोळाशे वर्षांनंतर पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न आकड्यांत विचारला. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका २००८ साली जमवल्या, आणि कोणती कोणाची ते ओळखायला ज्योतिष्यांना सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढी आली असती.

३८७ च्या पास्काजागरणाच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिन व त्यांचा मुलगा यांना स्नानसंस्कार मिळाला. त्याच वर्षी मोनिका देवाघरी गेल्या. आफ्रिकेत परतल्यावर ३९१ मध्ये हिप्पोच्या लोकांनी त्यांना जवळजवळ पकडूनच धर्मगुरू केले, आणि पुढे काही वर्षांतच ते तिथले बिशप झाले.

धर्मगुरू झाल्यावर काय दिसले? आपली मंदिरे ज्योतिष्यांना विचारून दिवस ठरवणाऱ्या माणसांनी भरली आहेत, अशी तक्रार ते करतात. अमुक दिवशी बांधकाम काढू नका, असा सल्ला त्यांना स्वतःलाही भाविक देत. मग मागी लोकांना तारा दिसला तो कसा, हा प्रश्न आपल्याकडेही नाताळात कोणीतरी विचारतोच. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की तारा उगवला म्हणून प्रभू जन्मला नाही. प्रभू जन्मला म्हणून तारा उगवला. तो तारा राज्य करत नव्हता, चाकरी करत होता.

४१० साली रोम शहर लुटले गेले, तेव्हा देव बदलल्याचा हा परिणाम, असे लोक बोलू लागले. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टिननी ४१३ पासून सुमारे १३ वर्षे खपून ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती धर्म ३६५ वर्षे टिकेल आणि मग संपेल, असे एक भाकीत तेव्हा फिरत होते. ऑगस्टिननी हिशेब मांडून दाखवले, की ती मुदत ३९८ मध्येच सरली. पुढच्या वर्षी कार्थेजमधली मूर्तिपूजकांची देवळे पाडली गेली, हेही ते समाधानाने नोंदवतात. आज आपण ते त्या समाधानाने वाचू शकत नाही, वाचूही नये. पण राज्ये ग्रहांनी उभी राहत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा पक्का आहे. सगळे ग्रहच ठरवत असतील, तर देवाने न्याय कशाचा करायचा? आणि न्याय नसलेले राज्य त्यांच्या मते दरोडेखोरांची मोठी टोळीच. ज्याचा राजयोग अटळ आहे असे आपण धरून चालतो, त्या उमेदवाराला रस्ता, पाणी, गरिबांचा दवाखाना याबद्दल जाब विचारायला आपण कशाला जाऊ? मतदानालाही कशाला जाऊ?

सम्राट होनोरियसने ४०९ मध्ये फर्मान काढले, की ज्योतिष्यांनी बिशपांसमोर आपली पुस्तके जाळावीत, नाहीतर हद्दपार व्हावे. राज्यकर्ते घाबरून असे कायदे करत. ऑगस्टिन यांच्या मंदिरात एक ज्योतिषी आला, त्याची हकिकत वेगळी आहे. तो ख्रिस्तीच होता, धंद्यात पडून दूर गेला होता, आणि पश्चात्ताप होऊन बरेच दिवस दारात उभा होता. प्रवचन संपल्यावर ऑगस्टिननी त्याला लोकांपुढे आणले. जाळण्यासाठी त्याने आपली पुस्तके बरोबर आणली होती. याच्यावर लक्ष ठेवा, याला सांभाळा, पुन्हा तिकडे ओढला जाऊ देऊ नका, असे त्यांनी भाविकांना विनवले.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा दिला. शहर वाचेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते, ऑगस्टिननाही नाही. ते तापाने अंथरुणाला खिळले होते. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन त्यांनी ती पलंगासमोरच्या भिंतीवर लावली होती, आणि पडल्या पडल्या ती वाचत रडत असत. २८ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. वेढा अजून उठला नव्हता.