विश्लेषण : बाबासाहेब आंबेडकर पुन्हा लंडनला का गेले? अर्धवट राहिलेले शिक्षण कसे पूर्ण केले?

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहत. विद्यार्थी म्हणून लंडनमधील हा त्यांचा दुसरा मुक्काम. पहिला अर्ध्यावर सोडावा लागला होता.

शिक्षण का थांबले?

साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसून शिकलेले बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली, तेवढाच दिलासा. परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्धात ती बोट बुडाली आणि जमवलेली पुस्तकेही गेली.

मधल्या तीन वर्षांत काय घडले?

करारानुसार त्यांनी बडोदा संस्थानात नोकरी धरली. शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी पदव्यांचा तेथे काडीचा उपयोग झाला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. पण ही नोकरी लंडनसाठी पैसे साठवण्याकरिता होती. घरखर्चाची ओढाताण परळच्या चाळीत रमाबाईंनी सोसली.

पैसे कसे उभे राहिले?

पगारातील शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडून जुलैमध्ये ते निघाले, तेव्हा वय २९ होते आणि मुदतीचे जेमतेम वर्ष उरले होते.

पुढे काय झाले?

खाण्यापिण्यात काटकसर करून ते दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसत. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपत आले होते. १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध येथूनच पाठवला. त्याच वर्षअखेरीस तो मान्य झाला. लंडनमध्ये तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली होती.