आचार्य प्र. के. अत्रे : हास्यामागचा शिक्षक

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यात, सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. नाटककार, पटकथाकार, संपादक आणि वक्ता म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांची जडणघडण शाळेच्या वर्गात झाली. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते शिक्षक झाले. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले, अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी ते लंडनला जाऊन आले आणि पुढे ‘नवयुग वाचनमाले’तून मुलांच्या हाती जिवंत, रसाळ मराठी दिले.

‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनकाव्यसंग्रहात त्यांनी समकालीन कवींच्या कृत्रिमतेची थट्टा केली. १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले आणि निरनिराळ्या छंदांनी झपाटलेली माणसे पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. मात्र लगेच पुढच्या वर्षी ‘घराबाहेर’ लिहून त्यांनी कुटुंबात होणारी स्त्रीची घुसमट मांडली. १९३६ च्या ‘उद्याचा संसार’मध्येही हसू मागे पडले आणि वेदना पुढे आली.

चित्रपटातही त्यांची नजर दंभावरच राहिली. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९३८) भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या तरुणाची फजिती आहे, ‘ब्रँडीची बाटली’मध्ये (१९३९) एका पापभीरू कारकुनावर ब्रँडी शोधत फिरण्याची पाळी येते. १९५३ साली त्यांनी साने गुरुजींच्या कथेवरून ‘श्यामची आई’ निर्माण केला. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याच चित्रपटाला मिळाला.

आपल्या समाजाला विशेष जवळचा वाटावा असा त्यांचा चित्रपट म्हणजे ‘महात्मा फुले’. त्याचे लेखन, निर्मिती व दिग्दर्शन अत्र्यांचेच होते आणि त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. जोतिरावांच्या भूमिकेत बाबुराव पेंढारकर होते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी अत्र्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले. त्यानंतर तीन आठवड्यांतच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दादरच्या समुद्रकिनारी शोकाकुल जनसागरापुढे श्रद्धांजलीचे भाषण अत्र्यांनी केले. आयुष्यभर महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाने त्या दिवशी लक्षावधींच्या दुःखाला शब्द दिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मराठा’ हे प्रभावी शस्त्र ठरले. त्या धारेने काही वेळा मर्यादा ओलांडली, माणसे दुखावली गेली, हेही प्रांजळपणे नोंदवावे लागते. तरीही ज्याची बाजू घ्यायची ती उघडपणे घ्यायची, ही त्यांची रीत अखेरपर्यंत टिकली. १९६२ साली आलेल्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात अनेक स्त्रियांना फसवणारा ठक न्यायालयात उभा राहतो. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे यांमुळे ते नाटक अजरामर झाले.

१३ जून १९६९ रोजी आचार्यांचे निधन झाले. देवभोळेपणा, प्रतिष्ठेचा बडेजाव, पुरुषी अहंकार यांची त्यांनी खिल्ली उडवली. जोतिराव आणि बाबासाहेब यांच्यापुढे मात्र ते नतमस्तक झाले. कशाला हसावे आणि कोणापुढे झुकावे, हा विवेक विद्यार्थ्यांच्या अंगी बाणावा, यासाठी त्यांचे चरित्र आपल्या शाळेत वाचले जावे.