लामार्कस ॲडना थॉम्पसन

लामार्कस ॲडना थॉम्पसन (८ मार्च १८४८ – ८ मे १९१९) हे अमेरिकन उद्योजक व संशोधक होते. न्यू यॉर्क शहरालगतच्या कोनी आयलंड येथे त्यांनी १८८४ साली उभारलेली स्विचबॅक रेल्वे ही केवळ करमणुकीसाठी बांधलेली अमेरिकेतील पहिली यशस्वी रोलर कोस्टर मानली जाते. त्यामुळे त्यांचा उल्लेख अनेकदा रोलर कोस्टरचे जनक असा केला जातो. ही उपाधी शब्दशः घेतल्यास ती टिकत नाही. उतारावरून चाकांच्या गाडीतून घसरत येण्याचा खेळ थॉम्पसन यांच्या जन्मापूर्वीच युरोपात रुजला होता आणि अमेरिकेतही त्यासंबंधीची पेटंटे त्यांच्याआधी इतरांना मिळाली होती. थॉम्पसन यांनी या खेळाचा व्यवसाय केला आणि त्याला एक निश्चित आराखडा दिला, हे त्यांचे खरे कार्य होय.

पूर्वपीठिका

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी चौकटीवर बर्फ गोठवून उंच उतार तयार करीत व लोक त्यावरून घसरत येत. फ्रान्समध्ये तेवढी थंडी नसल्याने बर्फाची जागा चाकांनी घेतली. पॅरिसमध्ये १८१७ साली असे दोन मार्ग सुरू झाले. त्यांपैकी बेलव्हिल येथील मार्गावर गाडीच्या आसांची टोके रुळांतील खाचेत अडकवलेली असत, म्हणजे गाडी मार्गावरून उडू नये याचा विचार त्या काळीही झालेला होता. फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन भाषांत रोलर कोस्टरला आजही रशियन डोंगर अशा अर्थाचे नाव आहे.

अमेरिकेतील परंपरेचा उगम करमणुकीत नसून कोळशाच्या वाहतुकीत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॉच चंक या गावी (आजचे नाव जिम थॉर्प) १८२७ साली खाणीपासून कालव्यापर्यंत सुमारे १४ किलोमीटर लांबीचा रेल्वेमार्ग टाकण्यात आला. कोळशाने भरलेले डबे केवळ उताराच्या जोरावर खाली येत. रिकामे डबे वर ओढून नेण्यासाठी खेचरे लागत, आणि ती खेचरेही खाली येताना डब्यांत बसूनच येत. पुढे १८४०च्या दशकात वर जाण्यासाठी स्वतंत्र मार्ग बांधून डोंगराच्या माथ्यावर वाफेची यंत्रे बसवण्यात आली. या मार्गाच्या एका भागात डबे एका दिशेने उतरत, सांधा बदलला की उलट दिशेने पुढच्या टप्प्यावर घसरत. यावरून त्याला स्विचबॅक हे नाव पडले. महाराष्ट्रातील वाचकांना याच्याशी साम्य असलेले उदाहरण भोर घाटात सापडेल. तेथे १८६३ साली सुरू झालेल्या लोहमार्गावर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे व गाडी उलट दिशेने उरलेला घाट चढे. डोंगर सरळ चढता-उतरता येत नसेल तर दिशा पालटून उंची साधायची, हे तत्त्व दोन्हीकडे एकच होते.

१८७२च्या सुमारास बोगद्यातून नवा लोहमार्ग झाल्यावर मॉच चंकच्या जुन्या मार्गाचे कोळशाचे काम संपले. त्यानंतर तो पर्यटकांसाठी चालवला जाऊ लागला आणि लोक पैसे देऊन त्यावरून घसरण्याचा आनंद घेऊ लागले.

प्रारंभिक जीवन

थॉम्पसन यांचा जन्म ओहायो राज्यातील जर्सी या लहान गावी झाला. लहानपणापासून त्यांना हातांनी वस्तू घडवण्याची आवड होती. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी आईसाठी लोणी काढण्याचे यंत्र आणि वडिलांसाठी बैलगाडी तयार केल्याचे सांगितले जाते. सुतारकामात ते लवकरच निष्णात झाले. मिशिगनमधील हिल्सडेल कॉलेजात काही काळ शिक्षण घेतल्यानंतर ते इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी शिवण नसलेले पायमोजे विणण्याच्या व्यवसायात यश मिळवले. या धंद्याने त्यांना पैसा दिला, परंतु प्रकृती ढासळली व त्यांना त्यातून बाहेर पडावे लागले. विश्रांतीच्या काळात त्यांनी मॉच चंकच्या मार्गावरून प्रवास केला आणि तेथूनच त्यांना पुढील कल्पना सुचली, असा वृत्तान्त बहुतेक चरित्रांत आढळतो.

ते धार्मिक वृत्तीचे होते व रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवीत. त्या काळचे कोनी आयलंड मद्यालये, जुगार आणि वेश्याव्यवसाय यांसाठी कुप्रसिद्ध होते. सामान्य कुटुंबांना मोकळ्या हवेत, लाज न वाटता घेता येईल अशी करमणूक द्यावी, हा आपला हेतू असल्याचे ते सांगत. धंद्याच्या जाहिरातीला हा हेतू सोयीचा होता हे खरे. तरीही त्यांच्या पुढील सर्व आराखड्यांत भीतीपेक्षा देखाव्याला दिलेले प्राधान्य पाहता तो केवळ जाहिरातीपुरता होता असे म्हणता येत नाही.

कोनी आयलंडची स्विचबॅक रेल्वे

ही रेल्वे १६ जून १८८४ रोजी लोकांसाठी खुली झाली. तिची लांबी सुमारे १८३ मीटर (६०० फूट) होती आणि दोन्ही टोकांना सुमारे १५ मीटर उंचीचे लाकडी मनोरे होते. दोन मनोऱ्यांमध्ये जाण्याचा व येण्याचा असे दोन समांतर मार्ग होते. प्रवासी जिन्याने मनोऱ्यावर चढत आणि बाकासारख्या डब्यात बसत. त्यांची तोंडे पुढे नसून बाजूला, समुद्राकडे अथवा गर्दीकडे असत. डबा लाटांसारख्या लहान चढउतारांवरून दुसऱ्या टोकाला पोहोचे. तेथे प्रवासी उतरत, नोकर डबा ढकलून परतीच्या मार्गावर वरच्या बाजूला नेत आणि प्रवासी पुन्हा बसत.

डब्याला यंत्र नसल्यामुळे संपूर्ण आराखडा उंचीच्या हिशोबावर बेतलेला होता. उंचीवर असताना डब्यात साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते व पुढील चढावर पुन्हा उंचीत बदलते. प्रत्येक वेळी घर्षण व हवेचा विरोध थोडी ऊर्जा खातात. म्हणून पुढचा प्रत्येक उंचवटा सुरुवातीच्या उंचीपेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो आणि शेवटचा मनोरा गाठताना डबा थोडा कमी पडतो. नोकरांनी डबा ढकलण्याचे कारण हेच होय. आजच्या रोलर कोस्टरच्या रचनेतही हा हिशोब चुकत नाही, फक्त ढकलणाऱ्या माणसांची जागा साखळीने अथवा विद्युतचुंबकाने घेतली आहे.

डब्याचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर होता, म्हणजे एका बाजूचा प्रवास साधारण एका मिनिटाचा. उंची १५ मीटर असताना एवढा कमी वेग आश्चर्यकारक वाटतो. एवढ्या उंचीवरून घर्षणाविना थेट जमिनीपर्यंत आलेल्या वस्तूचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास भरतो. थॉम्पसन यांचा मार्ग मात्र सावकाश खाली उतरत व पुन्हा चढत असे, त्यामुळे पोटात गोळा यावा असा क्षण त्यात फारसा नव्हता.

तिकीट पाच सेंट होते. उभारणीस सुमारे १,६०० डॉलर खर्च आला व तो तीन आठवड्यांत भरून निघाला, असे सांगितले जाते. या रेल्वेचे उत्पन्न दिवसाला ६०० डॉलर होते हा आकडाही अनेक ठिकाणी दिला जातो. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. दिवसाला ६०० डॉलर मिळाले असते तर खर्च तीन आठवड्यांत नव्हे, तीन दिवसांत निघाला असता. शिवाय त्यासाठी रोज १२,००० प्रवासी लागले असते. एका डब्यात दहा जण धरले तरी दहा तासांच्या दिवसात दर अर्ध्या मिनिटाला एक भरलेला डबा सोडावा लागला असता, आणि हाताने डबे ढकलणाऱ्या व्यवस्थेत ते अशक्यप्राय होते. तीन आठवड्यांचा वृत्तान्त धरल्यास रोजचे प्रवासी सुमारे दीड हजार भरतात. हा आकडा अधिक विश्वासार्ह आहे, आणि तोही त्या काळच्या मानाने मोठाच म्हणावा लागेल.

पेटंट व प्रतिस्पर्धी

थॉम्पसन यांना या रचनेचे पेटंट २० जानेवारी १८८५ रोजी मिळाले. त्यापूर्वी जॉन टेलर यांना १८७२ साली आणि रिचर्ड नुडसेन यांना १८७८ साली उतारावरील रेल्वेची पेटंटे मिळाली होती. नुडसेन यांच्या आराखड्यात दोन समांतर मार्ग व दोन टोकांना उंचावलेले मनोरे ही मांडणी स्पष्टपणे दिसते, मात्र त्यांनी तो आराखडा प्रत्यक्षात उतरवला नाही. कल्पनेच्या मालकीचा प्रश्न विचारल्यास उत्तर नुडसेन यांच्या बाजूने जाईल.

स्पर्धाही लगेच सुरू झाली. १८८४ सालीच चार्ल्स अल्कोक यांनी कोनी आयलंड येथे दोन्ही टोके जोडून अखंड वर्तुळाकार मार्ग बांधला. त्यामुळे प्रवाशांना मध्येच उतरावे लागत नसे. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे फिलिप हिंकल यांनी डबा यंत्राने ओढून वर नेण्याची सोय केली, त्यामुळे जिना चढण्याचे कष्ट वाचले आणि पहिला उतार अधिक उंच करता आला. आजची रोलर कोस्टर अखंड मार्ग आणि यांत्रिक चढ या दोन गोष्टींशिवाय ओळखूच येणार नाही. या दोन्ही गोष्टी थॉम्पसन यांच्या पहिल्या रेल्वेत नव्हत्या. त्यांची रेल्वे वर्षभरातच जुनाट ठरली.

सीनिक रेल्वे

थॉम्पसन यांनी या स्पर्धेला अधिक उंच किंवा अधिक वेगवान मार्गाने उत्तर दिले नाही. १८८७ साली त्यांनी जेम्स ग्रिफिथ्स यांच्यासह अटलांटिक सिटी येथे सीनिक रेल्वे उभारली. तिचा मार्ग अखंड होता आणि डबे दोराने वर ओढले जात. मार्गाच्या एका भागावर बोगदे बांधून आत रंगवलेले पडदे व देखावे मांडण्यात आले होते. गाडी जवळ येताच दिवे आपोआप पेटत आणि अंधारातून एखादे परदेशी नगर, बायबलमधील प्रसंग किंवा वनराई समोर येई. घराघरांत वीज पोहोचण्यापूर्वीचा तो काळ होता हे लक्षात घेतले तर या परिणामाची कल्पना येते. आजच्या थीम पार्कमधील अंधाऱ्या दालनांतून गाडीने फिरवणाऱ्या खेळांचे मूळ येथे सापडते.

देश-विदेशात त्यांच्या रेल्वे झपाट्याने पसरल्या. १८८८ सालापर्यंत अमेरिका व युरोप मिळून सुमारे ५० ठिकाणी त्या उभ्या होत्या. पुढे एल. ए. थॉम्पसन सीनिक रेल्वे कंपनी स्थापन झाली. कोनी आयलंडच्या लूना पार्कमध्ये १९०५ साली या पद्धतीने बांधलेली ड्रॅगन्स गॉर्ज ही त्यांची भव्य निर्मिती होती. ती १९४४ च्या आगीत नष्ट झाली. लाकूड, रंगवलेले कापड आणि विजेचे दिवे यांनी घडवलेल्या या देखाव्यांना आगीचा धोका कायमच राही.

या पद्धतीच्या रेल्वेत गाडीची चाके रुळांवर नुसती टेकलेली असत आणि वळणावर आधारासाठी बाजूची चाके कडेच्या फळ्यांना घासत. रुळाच्या खालून पकड घेणारी चाके नव्हती. वेगाने उंचवट्यावर गेल्यास गाडी रुळावरून उचलली जाण्याचा धोका होता. यामुळे उतार मंद ठेवणे आणि गाडीवर ब्रेक लावणारा माणूस नेमणे भागच होते. थॉम्पसन यांच्या सौम्यतेमागे स्वभाव होता तसा तांत्रिक नाइलाजही होता.

उत्तरार्ध व मृत्यू

हा नाइलाज दूर केला तो त्यांच्याच हाताखाली तरुणपणी काम केलेल्या जॉन मिलर यांनी. मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूला लागणाऱ्या चाकांची रचना केली व तिचे पेटंट त्यांना १९१९ साली मिळाले. गाडी रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरली गेल्यामुळे तीव्र उतार व झपाट्याची वळणे शक्य झाली. १९२०च्या दशकात अमेरिकेत बांधल्या गेलेल्या शेकडो लाकडी कोस्टर याच रचनेवर उभ्या राहिल्या. थॉम्पसन यांनी पहिली रेल्वे बांधली त्याच परिसरात १९२७ साली सुरू झालेल्या सायक्लोनचा पहिला उतार सुमारे २६ मीटरचा असून त्याचा कोन ५८ अंशांच्या आसपास आहे.

हे पर्व पाहण्यास थॉम्पसन हयात नव्हते. ८ मे १९१९ रोजी न्यू यॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरील ग्लेन कोव्ह येथे वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अवशेष व प्रभाव

त्यांच्या पद्धतीची सर्वांत जुनी चालू रेल्वे ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये आहे. ती १९१२ साली सुरू झाली. जवळपास एक किलोमीटर लांबीच्या या मार्गावर आजही गाडीच्या मधोमध ब्रेकवाला उभा असतो आणि वेग त्याच्या हाताच्या अंदाजाने राखला जातो. कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानातील १९१४ सालच्या लाकडी रेल्वेवरही ब्रेकवाला असतो. इंग्लंडमधील मार्गेट येथील सीनिक रेल्वे थॉम्पसन यांच्या मृत्यूनंतर १९२० साली त्यांच्या पद्धतीनुसार बांधली गेली. २००८ साली तिला आग लागली व दुरुस्तीनंतर ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

महाराष्ट्रात अशी लाकडी रेल्वे नाही. येथे रोलर कोस्टर आली ती थेट पोलादी स्वरूपात. वसई-चिंचोटी परिसराच्या दक्षिणेस, खाडीपलीकडे गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमुळे मुंबई-ठाणे भागातील शाळकरी मुलांच्या एका पिढीला या खेळाची ओळख झाली. २०१३ साली खोपोलीजवळ, भोर घाटाच्या पायथ्याच्या प्रदेशात सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात दोन वेगळ्या प्रकारच्या कोस्टर पाहावयास मिळतात. नायट्रो ही उघड्यावरील उंच कोस्टर प्रवाशांना उलटे फिरवते व ती रुळाला तिन्हीकडून धरणाऱ्या चाकांवर अवलंबून आहे. डीप स्पेस ही बंदिस्त इमारतीत अंधारातून जाते आणि तिच्या मार्गावर अंतराळाचे देखावे मांडलेले आहेत.