शोधायची होती पाणबुडी, सापडली मासळी : फिश फाइंडरच्या मुळाशी असलेला पॉल लांजव्हँ

हर्णे, मिरकरवाडा किंवा मुंबईचं ससून डॉक. बंदरात उभ्या असलेल्या एखाद्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावलात, तर सुकाणूजवळ एक छोटा रंगीत स्क्रीन दिसेल. खालचा जाड लाल पट्टा म्हणजे समुद्राचा तळ. वर मधेच दिसणारे निळे-पिवळे ठिपके किंवा ढग म्हणजे मासळी. तांडेल या स्क्रीनकडे बघतो, मग स्वतःच्या अनुभवाला विचारतो आणि जाळं सोडायचं की पुढे जायचं ते ठरवतो.

हाच फिश फाइंडर. तो घ्यायला गेलं की दुकानदार प्रश्नांचा मारा करतो. फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ हवी की २००? बीम रुंद हवा की अरुंद? ट्रान्सड्युसर कुठे बसवणार?

या प्रश्नांचं मूळ शोधत मागे गेलं की आपण पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समध्ये पोचतो. तिथे एक प्राध्यापक पाण्याखाली लपलेल्या जर्मन पाणबुड्या शोधायच्या खटपटीत होता. त्याचं नाव पॉल लांजव्हँ. त्याला मासे शोधायचेच नव्हते.

क्युरींचा विद्यार्थी

लांजव्हँचा जन्म २३ जानेवारी १८७२ चा, पॅरिसमधला. घर साधंच. पोरगा मात्र हुशार. पॅरिस महापालिकेने उद्योगांसाठी इंजिनिअर घडवायला एक शाळा काढली होती, तिथे त्याला प्रवेश मिळाला. या शाळेत प्रयोग शिकवायला होते पिअर क्युरी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे. १८८० मध्ये पिअर आणि त्यांचे भाऊ जॅक यांनी शोधून काढलं होतं की, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज तयार होते. आणि उलटंही होतं. वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो किंवा फुगतो. याला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. बरीच वर्षं ही प्रयोगशाळेतली एक गंमत होती. तिचा मोठा व्यवहारी उपयोग कुणाला सापडला नव्हता.

लांजव्हँ पुढे केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्याकडे शिकला, १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि चुंबकत्वावरच्या कामाने नाव कमावलं. आइनस्टाईनचा सापेक्षतावाद फ्रान्समध्ये पोचवणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये तो होता. जुळ्या भावांपैकी एक अवकाशात वेगाने फिरून आला तर तो कमी म्हातारा झालेला असेल, हे कोडं तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ लांजव्हँने १९११ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात आहे.

१९११ : बदनामीचं वर्ष

त्याच वर्षी त्याचं नाव वेगळ्याच कारणाने पेपरात झळकलं. पिअर क्युरी १९०६ मध्ये अपघातात गेले होते. त्यानंतर काही वर्षांनी लांजव्हँ आणि मेरी क्युरी यांच्यात प्रेमसंबंध जुळले. लांजव्हँ विवाहित होता, चार मुलांचा बाप होता. त्याची खासगी पत्रं पेपरवाल्यांच्या हाती लागली आणि ती छापली गेली.

सगळ्यात जास्त चिखलफेक झाली ती मेरी यांच्यावर. परदेशी बाई, संसार मोडणारी, असं काहीबाही लिहिलं गेलं. लांजव्हँने एका संपादकाला द्वंद्वाचं आव्हान दिलं. दोघं पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभेही राहिले, पण गोळी कुणीच झाडली नाही. त्याच सुमारास मेरी यांना दुसरं नोबेल मिळालं. हे नातं मात्र पुढे टिकलं नाही.

समुद्रात ऐकायचं कसं?

१९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचा अडथळा ओळखता येईल का, यावर लोक विचार करू लागले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडन यांनी उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगाचा प्रतिध्वनी मिळवूनही दाखवला.

मग महायुद्ध पेटलं आणि हिमनगांपेक्षा मोठा धोका जर्मन पाणबुड्यांचा झाला.

१९१५ मध्ये कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन इंजिनिअरने फ्रेंच सरकारला सुचवलं की, माणसाला ऐकू येणार नाही इतका उंच पट्टीचा आवाज, म्हणजे अल्ट्रासाऊंड वापरा. प्रस्ताव तपासायला लांजव्हँकडे आला आणि दोघं कामाला लागले.

उंच पट्टीच कशासाठी? समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ५०० हर्ट्झचा आवाज सोडला तर एकेक लहर ३ मीटर लांब होते. ती सगळीकडे पसरते, त्यामुळे प्रतिध्वनी आला तरी कुठल्या दिशेने आला ते कळत नाही. ४० किलोहर्ट्झला लहर ४ सेंटिमीटरपेक्षाही छोटी होते. मग हातभर रुंदीच्या चकतीतूनही आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेला सोडता येतो.

सुरुवातीचे प्रयोग पॅरिसमध्येच, सीन नदीत झाले. नंतर सगळा पसारा भूमध्य समुद्रावरच्या तुलाँ या नौदलाच्या बंदरात गेला. १९१६ मध्ये तळाचा आणि २०० मीटरवरच्या पोलादी पत्र्याचा प्रतिध्वनी मिळाला. पण उपकरणं नाजूक होती, भरवशाची नव्हती.

गारगोटीचं सँडविच

१९१७ मध्ये लांजव्हँला आपल्या गुरूंची ती जुनी गंमत आठवली. वीज दिली की क्वार्ट्झ थरथरतो, म्हणजे तो आवाज काढू शकतो. थरथरवला की वीज देतो, म्हणजे तो आवाज ऐकूही शकतो. तोंड आणि कान एकाच वस्तूत!

अडचण एवढीच होती की, हव्या त्या फ्रिक्वेन्सीसाठी क्वार्ट्झचा खूप जाड ठोकळा लागला असता. तेवढा स्फटिक मिळणं कठीण आणि तो हलवायला लागणारं व्होल्टेजही प्रचंड. लांजव्हँने तोडगा काढला. क्वार्ट्झच्या पातळ चकत्यांचा एक थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या जाड प्लेटा. सँडविचच म्हणा ना! वीज मधल्या थराला द्यायची, पण घंटेसारखं घुमतं ते सगळं सँडविच.

फेब्रुवारी १९१८ मध्ये या ट्रान्सड्युसरने पाण्याखालच्या पाणबुडीचा स्वच्छ प्रतिध्वनी पकडला. सोनारचा जन्म झाला तो इथे.

या प्रयोगांत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. आवाजाच्या झोतात, ट्रान्सड्युसरच्या अगदी जवळ आलेले छोटे मासे तडफडून मरत होते. त्या पाण्यात हात घातला तर हातही दुखायचा. म्हणजे सोनारची आणि माशाची पहिली गाठ पडली ती अशी. (घाबरू नका, बोटीवरचा फिश फाइंडर त्या मानाने फार कमी ताकदीचा असतो.)

यंत्र तयार झालं खरं, पण ते युद्धनौकांवर बसायच्या आत, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपलं. तोवर ही माहिती मित्रराष्ट्र असलेल्या ब्रिटनकडे पोचली होती आणि तिथे पुढचं काम सुरू राहिलं. लांजव्हँने शांततेच्या काळात तीच कल्पना समुद्राची खोली मोजायला वापरली.

तळाच्या वर हे काय दिसतंय?

खोली मोजणारी यंत्रं जहाजांवर आली, तेव्हा तळाच्या वर मधेच काही खुणा उमटायला लागल्या. हा बिघाड असेल असं वाटण्याजोगं होतं, पण त्या खुणा माशांच्या थव्यांच्या होत्या. १९२९ मध्ये जपानच्या किमुरा यांनी तळ्यातल्या माशांवर प्रयोग करून आवाजाने मासे ओळखता येतात हे दाखवलं. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांच्या थव्यांची नोंद प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जपानच्या नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी फिश फाइंडर बाजारात आणला.

माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मांसाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे आवाज त्यातून बराचसा निघून जातो. हवेवर मात्र तो जोरात आपटून परत येतो. मुशीला अशी पिशवी नसते, म्हणून तिची खूण फिकी उमटते.

मग तुमच्या बोटीवर काय?

लांजव्हँचंच गणित इथे लावायचं.

फ्रिक्वेन्सी : ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो, पण त्याची लहर ३ सेंटिमीटरची असल्याने चित्र जाडंभरडं येतं. २०० किलोहर्ट्झची लहर जेमतेम पाऊण सेंटिमीटरची. चित्र बारीक आणि सुटं दिसतं, पण पाणी तो आवाज लवकर शोषून घेतं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी २००, खोल पाण्यासाठी ५०. दोन्हीकडे जात असाल तर दोन्ही फ्रिक्वेन्सी असलेलं मशीन बघा.

बीम : झोताचा कोन १५ अंश असेल, तर ५० मीटर खोलीवर तुम्हाला सुमारे १३ मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. कोन ४५ अंश असेल तर सुमारे ४१ मीटरचं. रुंद बीममध्ये जास्त मासळी दिसते, पण ती नेमकी बोटीखाली आहे की बाजूला, हे कळत नाही.

जागा : माशाच्या पोटातली हवा आवाज परत फेकते, तशीच बोटीखालच्या बुडबुड्यांतली हवाही फेकते. म्हणून ट्रान्सड्युसर पंख्यापासून लांब, जिथून पाणी शांत वाहतं अशा ठिकाणी बसवायचा आणि त्याचं तोंड सरळ खाली ठेवायचं. त्यावर रंगाचे जाड थर चढवायचे नाहीत. बोट ओढून वर घेतली की त्यावर चिकटलेली शिंपलं-शेवाळ काढायची. महागडा स्क्रीन घेतला आणि ट्रान्सड्युसर बुडबुड्यांत बसवला, तर पैसे पाण्यात.

शोधणाऱ्यालाच शोधत आले

लांजव्हँची गोष्ट मात्र तुलाँमध्ये संपत नाही. १९३० च्या दशकात हिटलर आणि मुसोलिनी यांच्या विरोधात तो उघडपणे उभा राहिला. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये विचारवंतांची फॅसिझमविरोधी समिती स्थापन झाली, तिच्या प्रमुखांपैकी तो एक होता.

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. ३० ऑक्टोबरला त्याला अटक झाली. ६८ वर्षांचा प्राध्यापक तुरुंगात गेला, तेव्हा ८ नोव्हेंबरला पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. सुटकेनंतर त्याला त्रुआ या गावी नजरकैदेत ठेवलं. मे १९४२ मध्ये त्याचा जावई, भौतिकशास्त्रज्ञ जॅक सोलोमन याला नाझींनी गोळ्या घातल्या. १९४३ मध्ये मुलगी एलेनला आउशवित्झच्या छळछावणीत पाठवलं. ती जिवंत परत आली. १९४४ मध्ये लांजव्हँ स्वतः कसाबसा निसटून स्वित्झर्लंडला पोचला.

मायदेशी परत येऊन त्याने फ्रान्सच्या शिक्षणाची नवी योजना आखण्याच्या समितीचं काम हाती घेतलं. ऐपतीप्रमाणे नाही, तर कुवतीप्रमाणे प्रत्येक मुलाला शिकता यावं, हा तिचा गाभा होता. योजना पूर्ण व्हायच्या आतच, १९ डिसेंबर १९४६ रोजी तो गेला.

नोव्हेंबर १९४८ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या शेजारी ठेवण्यात आले. म्हणजे ज्या वर्षी फ्रान्सने त्याला हा मान दिला, त्याच वर्षी जपानी मच्छीमारांच्या हातात फिश फाइंडर आला. आणि १९११ मध्ये ज्या दोन नावांवरून पेपरांनी गदारोळ केला, ती पुढे नात्याने जोडली गेली. लांजव्हँचा नातू मिशेल आणि मेरी क्युरींची नात एलेन यांचं लग्न झालं.

आज ट्रान्सड्युसरमध्ये क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक असतं, पण काम तेच : वीज दिली की बोलायचं आणि प्रतिध्वनी आला की ऐकायचं. त्या प्रतिध्वनीचं काय करायचं, हे मात्र माणसानेच ठरवायचं असतं. लांजव्हँच्या काळात ते पाणबुडी बुडवण्यासाठी होतं. आज तांडेलासाठी ते डिझेल वाचवण्यासाठी आहे, आणि बोटीवरच्या खलाशांच्या पोटासाठी.