कविवर्य मोरोपंत : अखंड उद्योगाचे एक जीवन

महाराष्ट्रातील ज्या ज्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन झाले, पुराण झाले, त्या त्या देवळाच्या खांबांनी मोरोपंतांची आर्या ऐकलेली आहे. श्लोक म्हटला की वामनपंडित, अभंग म्हटला की तुकाराम महाराज, ओवी म्हटली की ज्ञानेश्वर माउली आणि आर्या म्हटली की मोरोपंत, अशी जोडी मराठी माणसाच्या मनात कायमची बसली आहे. परंतु ही कीर्ती पंतांना एका दिवसात लाभली नाही. ६५ वर्षांच्या आयुष्यातील किमान चाळीस वर्षे त्यांनी एकाच ठिकाणी बसून, नेमाने आणि न कंटाळता काव्यरचना केली. मंदिराच्या कामाच्या निमित्ताने कष्टाचे मोल पुन्हा एकदा सर्वांच्या ध्यानी आले असताना या कष्टाळू कवीचे चरित्र आठवणे उचित ठरेल.

जन्म व विद्याभ्यास

पराडकर घराणे मूळचे कोकणातील, राजापूर भागातील सौंदळ गावचे. पंतांचे वडील रामाजीपंत उदरनिर्वाहासाठी घाट चढून पन्हाळगडावर आले. तेथेच इ. स. १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला. मातोश्रींचे नाव लक्ष्मीबाई. गडावर केशव पाध्ये व गणेश पाध्ये हे विद्वान बंधू होते. त्यांच्या चरणांशी बसून पंतांनी व्याकरण, काव्य, अलंकार आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. रामायण, महाभारत व भागवत हे तीन ग्रंथ याच काळात त्यांच्या जणू रक्तात भिनले. पुढे आयुष्यभर जे त्यांनी वाटले, ते धन त्यांनी पन्हाळ्यावरच जमविले होते.

पंचविशीच्या आतच पंत बारामतीस आले. कऱ्हा नदीच्या काठचे हे गाव त्या काळी बाबूजी नाईक बारामतीकर यांच्यामुळे प्रसिद्ध होते. नाईक हे मोठे सावकार आणि पेशवे घराण्याशी सोयरिक असलेले. त्यांच्या पदरी पुराणिक म्हणून पंत राहिले. वाड्यात पुराण सांगावे, मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ रामाची उपासना व लेखन यांत घालवावा, असा त्यांचा जीवनक्रम ठरून गेला. मोठ्या राजदरबाराच्या मागे ते लागले नाहीत. बारामती हीच त्यांची कर्मभूमी झाली.

काळ अस्थिर, लेखणी स्थिर

पंतांचा काळ शांततेचा होता, असे कोणी समजू नये. १७६१ साली पानिपतावर मराठी मुलखातील घरोघरची माणसे कामास आली. तेव्हा पंत ३२ वर्षांचे होते. १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे गेले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. १७७५ पासून इंग्रजांशी युद्ध जुंपले, ते १७८२ पर्यंत चालले. बारामती काही पुण्यापासून फार दूर नाही. या सर्व वार्ता तेथे पोहोचत होत्या आणि नाईकांसारख्या घराण्याला त्यांची झळही लागत होती. मन चांगले असेल तेव्हा लिहू, दिवस बरे येतील तेव्हा लिहू, असे पंतांनी म्हटले असते तर त्यांच्या हातून एक पोथीही पुरी झाली नसती. त्यांनी दिवसांची वाट पाहिली नाही.

पुराणिकाच्या व्यवसायानेही त्यांना मोठे साहाय्य केले असले पाहिजे. पुराणिकाला प्रेरणेची वाट पाहत बसता येत नाही. वेळ झाली की श्रोते येऊन बसतात आणि पोथी सोडावीच लागते. श्रोते तेच, कथाही त्यांना पाठ असलेली. रामाने धनुष्य मोडले, हे कोणाला ठाऊक नाही? तेव्हा ठाऊक असलेली कथा पुन्हा गोड कशी करावी, हा प्रश्न पुराणिकापुढे रोजचाच असतो. पंतांच्या काव्यातही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी दिसतो.

आर्येचा स्वीकार

आरंभी पंतांनी संस्कृत वृत्तांत पुष्कळ रचना केली. भागवताच्या दशम स्कंधावरील कृष्णविजय हे त्यांचे या प्रकारचे मोठे काव्य होय. पुढे मात्र त्यांनी आर्या हे वृत्त आपलेसे केले. आर्या हे मात्रांचे वृत्त आहे. पंतांची आर्या बहुधा गीती या प्रकारची, म्हणजे तिच्या दोन्ही ओळींत तीस तीस मात्रा असतात. अक्षरे कमीजास्त झाली तरी चालतात, मात्र मात्रांचा हिशेब चुकता कामा नये. शेवटी यमक. एवढ्या लहानशा चौकटीत एक पूर्ण विचार बसवावयाचा. सुताराने एकच मापपट्टी वर्षानुवर्षे वापरावी आणि शेवटी नजरेनेच माप ओळखावे, तसे पंतांचे आर्येच्या बाबतीत झाले. वृत्त ठरलेले असल्यामुळे रोज नवी चौकट शोधण्याचे कष्ट वाचले आणि सारी शक्ती आशयाकडे व शब्दांकडे वळली.

एकच कथा, एकशे आठ वाटा

पंतांच्या उद्योगाचे सर्वांत नवलाचे उदाहरण म्हणजे त्यांची रामायणे. जपमाळेत १०८ मणी असतात. पंतांनी रामकथा १०८ वेळा रचली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी ९० हून अधिक रामायणे आज उपलब्ध आहेत. काही अगदी लहान, तर काही विस्तृत. पण प्रत्येकात काही तरी नवा नियम कवीने आपण होऊन स्वतःवर घालून घेतलेला आहे.

मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली आहेत. दामरामायणात मागच्या चरणाचा शेवट पुढच्याच्या आरंभाशी हारातील फुलांप्रमाणे ओवला आहे. निरोष्ठरामायणाची गोष्ट तर अधिकच अवघड. ओठाला ओठ लागून उच्चारली जाणारी अक्षरे त्यात चालत नाहीत. प, फ, ब, भ, म ही सर्व वर्ज्य. आता म वर्ज्य झाला म्हणजे रामायण लिहावयाचे आणि रामाचे नाव मात्र घेता यावयाचे नाही! सामान्य माणसाने येथेच हात टेकले असते. पंतांनी दुसरी नावे, दुसरे शब्द शोधले आणि कथा पुढे नेली.

हा निव्वळ खेळ होता, असे काहींना वाटते. परंतु त्यात एक मर्म आहे. जो माणूस तेच काम रोज करतो, त्याचा हात सवयीने चालू लागतो आणि मन झोपी जाते. पंतांनी दर वेळी नवी अडचण समोर उभी केली. अडचण आली की मन जागे होते आणि पाठ असलेल्या कथेकडेही पुन्हा नव्याने पाहावे लागते. कथा बदलली नाही, राम बदलला नाही, पण तिथे जाण्याची वाट दर वेळी वेगळी निघाली.

आर्याभारत

लहान रचनांबरोबर पंतांनी फार मोठी कामेही अंगावर घेतली. त्यांतील मुकुटमणी म्हणजे आर्याभारत. अठरा पर्वांचे संपूर्ण महाभारत त्यांनी सुमारे १७,००० आर्यांत मराठीत आणले. या संख्येचा विचार करून पाहावा. रोज पाच आर्या केल्या आणि एकही दिवस खाडा पडू दिला नाही, तरी या कामाला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. तोही पुराण, शिकवणी आणि प्रपंच सांभाळून. रात्री तेलाच्या दिव्याचा उजेड, बोरूची लेखणी आणि घोटलेली शाई, एवढीच त्या काळची साधने. असे काम उत्साहाच्या एका भरात होत नाही. ते थोडे थोडे, पण रोज करावे लागते.

याशिवाय मंत्रभागवत, हरिवंश, संतांच्या स्तुतीची सन्मणिमाला, देवाला प्रश्न विचारणारी संशयरत्नमाला, अशा कितीतरी रचना त्यांच्या हातून झाल्या. विद्वानांपुरते न लिहिता घरातील स्त्रियांना गाता यावीत अशी सीतागीत, सावित्रीगीत यांसारखी सोपी गीतेही त्यांनी रचली.

आक्षेप आणि केकावली

पंतांवर एक आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. ते पंडित होते, शब्दांचे कारागीर होते. परंतु हृदयातून उमाळा यावा तसे त्यांचे काव्य नाही, असे कित्येक रसिक म्हणत आले. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेवर मोठा निबंध लिहून त्यांची बाजू मांडावी लागली, यावरून हा वाद किती रंगला होता ते दिसते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. एवढ्या विपुल रचनेत काही भाग यमकांच्या ओझ्याखाली दबलेला आहे आणि काही आर्या टीकेवाचून उलगडत नाहीत.

परंतु पंतांनीच आपल्या उत्तरवयात या आक्षेपाला उत्तर ठेवले आहे. ते म्हणजे केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. पंत स्वतःला मयूर म्हणवीत. मेघाकडे पाहून मोराने आर्त स्वर काढावा, तशी ही देवाला घातलेली साद आहे. येथे त्यांनी आपली लाडकी आर्या बाजूला ठेवली आणि पृथ्वी वृत्त घेतले. श्लोक सुमारे सव्वाशे. हजारो आर्या लिहिणाऱ्या कवीचे हे लहानसे काव्य. त्यात कवी देवाशी भांडतो, आपले दोष कबूल करतो, इतरांना तारलेस मग मलाच उशीर का, असे विचारतो आणि अखेर सत्संगती व नामस्मरण यांचेच दान मागतो. घरोघर मुलांना जे पंत पाठ करविले गेले, त्यांत केकावलीतील श्लोकांचा वाटा मोठा आहे.

कारागिरी आणि कळवळा यांचे वैर नाही, हेच केकावली दाखविते. चाळीस वर्षे शब्द घासूनपुसून ज्याचा हात तयार झाला, त्याच्या अंतःकरणात जेव्हा खरा उमाळा आला, तेव्हा त्याला शब्द शोधत बसावे लागले नाही. रोजच्या कामाने उमाळा मरत नाही. तो आला म्हणजे त्याला पात्र तयार असते.

अखेर व कीर्ती

उतारवयात पंतांनी काशीयात्रा केली. गंगेवरही त्यांनी भक्तिभावाने रचना केली आहे. इ. स. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेस बारामती येथे त्यांनी देह ठेवला.

पंतांची आर्या गावोगाव नेण्याचे श्रेय कीर्तनकारांना आहे. सोलापूरचे प्रख्यात शाहीर राम जोशी पंतांना भेटल्यावर फडावरून कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या रंगवून सांगू लागले, अशी आख्यायिका आहे. वाड्यात बसून लिहिलेली कविता अशा रीतीने देवळाच्या सभामंडपात आली. पुढे १८५४ च्या नवनीत या काव्यसंग्रहामुळे ती शाळांत गेली आणि १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी पंतांचे विस्तृत चरित्र लिहिले.

मोरोपंतांनी नवी कथा सांगितली नाही. जे पूर्वजांनी दिले होते, तेच त्यांनी आपल्या काळाच्या माणसांसाठी पुन्हा बांधून काढले. मूर्ती तीच ठेवून नवा गाभारा उभारणाऱ्या हातांना हे काम परके वाटणार नाही. चिरा एकदम बसत नाही. तो घडवावा लागतो, फिरवून पाहावा लागतो, उचलून पुन्हा ठेवावा लागतो. गावकऱ्यांनी वाहिलेला दगड असो, देणगीदारांनी दिलेला रुपया असो किंवा कवीने रचलेली आर्या असो, एकेक करूनच मोठे काम उभे राहते. रोज थोडे, पण रोज, हा पंतांच्या जीवनाचा धडा ज्याने त्याने आपापल्या कामात गिरवावा. श्रीरामचंद्र सर्वांना तशी बुद्धी व बळ देवो.