तुर्क पित्याचा, मेवाती मातेचा रहीम

तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या तीरावर जैनाबाद. फारुकी राजवटीत वसलेल्या या जोडगावांना खुलताबादेत चिरविश्रांती घेणाऱ्या दोन सूफी संतांची नावे मिळाली: बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी. (जैनाबादेतील 'जैन' तो हाच, जैन धर्माशी त्याचा संबंध नाही.) याच परिसरात अब्दुल रहीम खानखानान याने आयुष्याची कित्येक वर्षे दक्षिणेचा मोगल सेनापती म्हणून काढली. शालेय पाठ्यपुस्तकांतून त्याचे दोहे पाठ केलेल्यांना तो नीतिकवी म्हणून ठाऊक असतो. परंतु त्याच्या वंशाची कथा दोह्यांहून कमी वेधक नाही.

रहीमचा जन्म 1556 मध्ये लाहोरला झाला. वडील बैरामखान हे कराकोयुन्लू तुर्कमानांच्या बहारलू शाखेचे. आई मेवातच्या जमालखानाची कन्या. तिचे खानजादा घराणे यदुवंशी राजपुतांपासून आपली उत्पत्ती सांगणारे. याच घराण्यातील हसनखान मेवाती 1527 मध्ये खानव्याच्या रणांगणात राणा सांगाच्या बाजूने बाबराशी लढताना मारला गेला होता. बैरामखानाचा 1561 मध्ये पाटणला खून झाला, तेव्हा रहीम अवघा चार वर्षांचा होता. त्याची सावत्र आई सलीमा सुलतान बेगम ही तर बाबराची नात. अकबराने तिच्याशी विवाह केला आणि या पोरक्या मुलाला आपल्या छायेत वाढवले.

पुढे 1589 मध्ये रहीमने बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणून अकबराला सादर केले. या ग्रंथात बाबराने हसनखानाविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत. आजोळच्या पुरुषाची ही निंदा रहीमला स्वतःच्या लेखणीने उतरवावी लागली. त्याचे भाषांतर मुळाशी विलक्षण इमान राखणारे मानले जाते. पित्याची भाषा अवगत असल्यामुळेच हे काम त्याच्याकडे आले, आणि त्याच भाषेत मातृकुळावरचा घाव दडलेला होता. दरबारी जीवनातील अवघडलेपणाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कुळाचा अभिमान त्याला होताच. बुऱ्हाणपुरात त्याच्या आश्रयाला आलेल्या अब्दुल बाकी नहावंदी या इराणी लेखकाने 1616 मध्ये 'मआसिर-इ-रहीमी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात रहीमच्या तुर्कमान पूर्वजांचा इतिहास आहे. लेखकाचे नहावंद ज्या हमदान प्रदेशात येते, तो मुलूख एकेकाळी रहीमचाच पूर्वज अलीशुकर बेग याच्या नावाने ओळखला जाई.

आईकडच्या वारशाला असा बखरकार लाभला नाही. तो रहीमच्या कवितेत शोधावा लागतो. ब्रज आणि अवधीत रचना करणारा हा तुर्क सरदार कृष्णाविषयी ज्या आत्मीयतेने लिहितो, ती केवळ आश्रयदात्याची हौस वाटत नाही. त्याच्या नावे असलेल्या 'मदनाष्टक' या काव्यात संस्कृत आणि खडी बोली एकाच ओळीत नांदतात. रामायणाची एक सचित्र फारसी प्रतही त्याने स्वतःसाठी करवून घेतली होती.

बुऱ्हाणपुरात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास त्याच्याच काळात उभा राहिला. शंभराहून अधिक कुंड्यांची ही रचना इराणी कनातपद्धतीची. जमीन मात्र खानदेशची.

उतारवय दुःखाचे गेले. थोरला मुलगा शाहनवाजखान याने 1616 मध्ये जालन्याजवळ मलिक अंबरचा पराभव केला होता. तो 1619 मध्ये मद्यापायी गेला. उतावळी नदीकाठी त्याची कबर आहे. शाहजहानच्या बंडाच्या धामधुमीत दुसरा मुलगा दाराबखान याचा शिरच्छेद झाला. 1627 मध्ये दिल्लीत रहीम निवर्तला आणि पत्नी माहबानूसाठी स्वतः बांधलेल्या मकबऱ्यातच त्याचे दफन झाले. पुढच्या शतकात या वास्तूचा संगमरवर उपसून सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी नेण्यात आला.